वारशाची खतावणी : डॉ. कमल रणदिवे यांचे संशोधन आणि आपली घरे

व्यापारी घराला वारसा हा शब्द शिकवावा लागत नाही. पेढी, गाळा, गावाकडची शेती, बाजारातील पत आणि जुनी येणी-देणी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कशी जातात, हे घरातील लहान मूलही पाहत असते. वडिलांची खतावणी न वाचता गादीवर बसणाऱ्या मुलाला कोणी शहाणा म्हणत नाही. देणे लपविले म्हणून ते फिटत नाही, उलट त्यावर व्याज चढत जाते, हे व्यापाऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

शरीराच्या वारशाबाबत मात्र हीच दक्ष माणसे वही मिटून ठेवतात. आत्या कशाने गेली, आजीचे कोणते ऑपरेशन झाले होते, मावशीच्या नातवाला दर महिन्याला रक्त का चढवावे लागते, हे प्रश्न घरात मोठ्याने विचारले जात नाहीत. मुलीच्या सोयरिकीची बोलणी सुरू झाली की उरलेसुरले शब्दही गिळले जातात. बायोडेटात शिक्षण, उंची, आजोळचे आडनाव आणि दुकानाचा पत्ता असतो. रक्ताविषयी एक ओळ नसते. या मौनाची किंमत पुढे कोणीतरी भरते, आणि बहुधा ती घरातील एखादी तरुण स्त्री किंवा अजाण बालक असते.

हा अदृश्य वारसा वाचण्याचे शास्त्र आपल्याकडे ज्यांनी उभे केले, त्यांत एका मराठी विदुषीचे नाव अग्रभागी आहे. त्या म्हणजे डॉ. कमल जयसिंग रणदिवे.

सीताफळाच्या कुळापासून कर्करोगापर्यंत

कमलताईंचा जन्म पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकरराव फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु कमलताईंचा ओढा जीवशास्त्राकडे होता आणि त्यांनी वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन पदवी मिळविली. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली त्या एम.एस्सी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची पेशी-आनुवंशिकी, म्हणजे त्या वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रांचा अभ्यास. सीताफळ आणि स्त्रीचा स्तन यांचा काय संबंध, असे वाटेल. संबंध पद्धतीचा होता. पेशी विभागते तेव्हा आईबापांकडून आलेला लेख तिच्यात कसा उतरतो, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची शिस्त त्यांना येथे लागली.

१९३९ मध्ये गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. पतीच्या पाठिंब्याने शिक्षण पुढे चालू राहिले आणि मुंबईत आल्यावर त्यांनी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम सुरू केले. हे रुग्णालय १९४१ साली उघडले होते. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील विकृतिशास्त्राचा, म्हणजे रोगट पेशी व ऊतींच्या अभ्यासाचा, पाया घालणारे ते थोर संशोधक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली.

यानंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. मानवी पेशी शरीराबाहेर काचपात्रात वाढवीत ठेवण्याची कला या प्रयोगशाळेने जगाला दाखविली होती. ती विद्या घेऊन त्या मायदेशी परतल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभारली. १९६६ ते १९७० या काळात या संस्थेचे संचालकपद त्यांनी सांभाळले.

वारसा, संप्रेरके आणि विषाणू

त्या काळी स्तनाच्या कर्करोगाविषयी समाजात, आणि काही प्रमाणात वैद्यकातही, अंधार होता. एकाच घरातील आई, मावशी आणि मुलगी या रोगाला बळी पडतात, हे डॉक्टरांनी पूर्वीच टिपले होते. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने १८६६ साली आपल्या पत्नीच्या घराण्यातील अशा मृत्यूंची पिढीवार नोंद प्रसिद्ध केली होती. परंतु घराण्यात रोग दिसतो याचा अर्थ तो वारशानेच येतो असा होत नाही. एका घरातील माणसे एकच अन्न खातात, एकाच हवेत राहतात. मग दोष रक्ताचा की राहणीचा, हे ठरवायचे कसे?

हा हिशेब माणसांवर मांडता येत नव्हता, म्हणून संशोधकांनी उंदरांचे वंश तपासले. काही वंशांत स्तनाच्या गाठी भरपूर होत, तर काहींत क्वचितच. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ साली दाखविले, की रोगप्रवण वंशाची पिल्ले जन्मताच निरोगी वंशाच्या मादीच्या दुधावर वाढविली तर त्यांच्यातील रोग कमी होतो. दुधातील तो घटक पुढे विषाणू असल्याचे ठरले. मग वंशाचा वाटा किती, स्त्रीसंप्रेरकांचा किती आणि विषाणूचा किती? मुंबईच्या प्रयोगशाळेत कमलताईंनी या तिन्ही बाजूंचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध प्रथम मांडणाऱ्या संशोधकांत त्यांची गणना होते, आणि संप्रेरके व गाठ निर्माण करणारे विषाणू यांचे नातेही त्यांनी उलगडून दाखविले.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. उंदरांत जे घडते ते जसेच्या तसे स्त्रीला लागू होत नाही. आईच्या दुधातून मुलीला कर्करोग होतो, असे सिद्ध झालेले नाही. उलट स्तनपानाने मातेचा धोका काही अंशी घटतो, असे मोठ्या अभ्यासांतून दिसून आले आहे.

तांबड्या पेशीची साक्ष

डॉ. खानोलकरांच्या प्रयोगशाळेत त्याच सुमारास आणखी एक काम चालू होते. वरवर पाहता त्याचा कर्करोगाशी संबंध नव्हता. तो होता रक्तातील तांबड्या पेशींशी. १९४९ साली डॉ. एल. डी. संघवी आणि डॉ. खानोलकर यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजांच्या सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रक्तगटांना महत्त्वाचे स्थान होते. एकाच शहरात शेजारी राहणारे, परंतु पिढ्यान्‌पिढ्या आपापसांतच विवाह करणारे समाज रक्ताच्या पातळीवर कसे वेगळे राहतात, हे त्यातून आकड्यांनी समोर आले.

यासाठी तांबडी पेशीच का निवडली गेली? परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते, म्हणून तिच्यात डीएनएचा लेखही नसतो. सुमारे १२० दिवस प्राणवायू वाहून नेण्याचे काम करून ती नष्ट होते. परंतु तिच्या पृष्ठभागावरील रक्तगटाच्या खुणा आणि तिच्या पोटातील हिमोग्लोबिन या दोन्ही गोष्टी आईबापांकडून आलेल्या आज्ञेनुसार घडलेल्या असतात. मूळ दस्तऐवज वाचण्याची सोय नसलेल्या काळात त्याची नक्कल म्हणून तांबडी पेशी उपयोगी पडली. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब घराण्याची साक्ष देऊ लागला.

१९५२ साली मुंबईतच डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अपूर्व रक्तगटाचा शोध जाहीर केला. तो वरवर ‘ओ’ गटासारखा दिसे, पण ‘ओ’ गटाचे रक्तही त्याला चालत नसे. जग आज त्याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखते. १९५७ मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था हे त्याचेच आजचे रूप. कमलताईंनीही पुढे आदिवासी समाजांच्या रक्ताचा अभ्यास हाती घेतला आणि निवृत्तीनंतर अहमदनगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आदिवासी बालकांच्या पोषणाची पाहणी केली. १९७३ साली त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १९८२ मध्ये पद्मभूषण देऊन देशाने त्यांचा गौरव केला. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

दोन मुनीम

कमलताईंच्या पिढीने ज्या वारशाचा माग काढला, त्याचे नेमके ठिकाण १९९० साली सापडले. अमेरिकेतील मेरी-क्लेअर किंग यांनी रोगप्रवण कुटुंबांच्या अभ्यासातून दाखविले, की लहान वयात होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचा एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये तो जनुक हाती आला, तोच बीआरसीए-१. पुढच्याच वर्षी तेराव्या गुणसूत्रावरील बीआरसीए-२ उलगडला.

या जनुकांचे काम व्यापाऱ्याला चटकन उमगेल असे आहे. पेशी विभागताना डीएनएच्या लांबलचक लेखाची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. त्या चुका दुरुस्त करणारा मुनीम म्हणजे बीआरसीए. प्रत्येक पेशीत असे दोन मुनीम असतात. एक आईकडून आलेला, दुसरा वडिलांकडून. काही जणांना त्यांतील एक जन्मतःच निकामी मिळतो. दुसरा काम सांभाळतो तोवर सर्व ठीक चालते. एखाद्या पेशीत तोही बिघडला, की चुका साठत जातात आणि एक दिवस ती पेशी बेबंद वाढू लागते. म्हणून वारशाने येतो तो कर्करोग नव्हे, तर त्याकडे झुकणारा धोका.

हा धोका मोठा आहे. असा दोष असलेल्या स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. बीजांडकोशाच्या कर्करोगाची शक्यता बीआरसीए-१ मध्ये सुमारे ४४ टक्के, तर बीआरसीए-२ मध्ये १७ टक्के आढळली आहे. हा दोष प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, आणि तो वडिलांकडूनही येतो. वडील स्वतः निरोगी असले तरी त्यांच्या आईचा किंवा बहिणीचा आजार मुलीच्या हिशेबात धरावाच लागतो. आपल्याकडे ‘हा आईकडचा आजार’ असे म्हणून वडिलांची बाजू सोडून दिली जाते. ही चूक महागात पडते.

त्याच वेळी हेही ध्यानात घ्यावे, की स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी जवळपास ५ ते १० टक्क्यांतच असा सरळ वारसा सापडतो. भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेकींच्या घराण्यात आधी कोणालाही हा रोग नव्हता. एखाद्या घरात एका वृद्ध स्त्रीला हा रोग झाला म्हणून त्या घराच्या सर्व मुलींवर शिक्का मारणे अज्ञानाचे आणि अन्यायाचे आहे.

उल्हासनगरचा धडा

तांबड्या पेशीचा वारसा समजून घ्यायला उल्हासनगरइतके जवळचे ठिकाण नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे उतरली आणि १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्पांच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या या नगरात सिंधी बांधवांनी कष्टाने बाजारपेठ उभी केली. येताना त्यांच्या सोबत रक्तातील एक अदृश्य देणेही आले. ते म्हणजे थॅलेसेमिया. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत त्याचे वाहक अधिक आढळतात. देशातील सहा शहरांत ५६ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत वाहकांचे सरासरी प्रमाण पावणेतीन टक्क्यांच्या आसपास निघाले. या समाजांत ते त्याहून बरेच जास्त असते. आपापसांतच सोयरिकी जुळविणाऱ्या कोणत्याही समाजाने हा प्रश्न शेजाऱ्याचा मानू नये.

थॅलेसेमियाचा हिशेब बीआरसीएहून निराळा आहे. येथे एकाच पालकाकडून दोष आला तर मूल केवळ वाहक होते. ते निरोगी आयुष्य जगते. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते, की बाळाला थॅलेसेमिया मेजर होईल. अशा बालकाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. त्या रक्तातील लोह हृदयात व यकृतात साचते आणि ते बाहेर काढणारी औषधे कायमची घ्यावी लागतात. घरचा पैसा आणि आईबापांची झोप, दोन्ही त्यात जाते.

वाहक ओळखणे मात्र सोपे आहे. साध्या रक्ततपासणीत तांबड्या पेशी आकाराने लहान दिसल्या, तर हिमोग्लोबिन ए-२ हा घटक मोजावा, तो ३.५ टक्क्यांहून अधिक असणे हे वाहकत्वाचे लक्षण मानले जाते. आपल्या घरांत फिकेपणा दिसला की ‘शाकाहारामुळे लोह कमी झाले असेल’ असे म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात. लोहाच्या कमतरतेतही पेशी लहान होतात हे खरे. पण गोळ्या घेऊनही रक्त सुधारत नसेल, तर वाहकत्वाची तपासणी करून घेतलीच पाहिजे.

वाहकाने विवाह करू नये, असे वैद्यक सांगत नाही. वाहकाचा विवाह वाहक नसलेल्या व्यक्तीशी झाला तर बालकाला मेजर आजार होत नाही. लग्नापूर्वी दोघांची तपासणी झाली असेल, तर गर्भजल किंवा वारेच्या तपासणीचा आणि त्यानंतरच्या कठोर निर्णयाचा प्रसंगच येत नाही. जीवदयेला सर्वोच्च स्थान देणाऱ्या घरांनी तर ही तपासणी साखरपुड्याआधी करणे अधिक श्रेयस्कर.

वही उघडावी कशी?

प्रथम घरातील ज्येष्ठांना बसवून तीन पिढ्यांची नोंद करावी. आई आणि वडील दोन्ही बाजूंची माणसे, कोणाला कोणता आजार झाला, कोणत्या वयात झाला, हे लिहावे. दोन किंवा अधिक जवळच्या नातलगांना स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग, पन्नाशीच्या आत झालेला रोग, दोन्ही स्तनांतील रोग किंवा पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग, यांपैकी काही आढळल्यास आनुवंशिक सल्ला घ्यावा. टाटा मेमोरियल केंद्रात यासाठी स्वतंत्र चिकित्सा-विभाग आहे. तपासणी शक्यतो आधी आजारी व्यक्तीची करावी. तिच्यात दोष सापडला तरच इतरांच्या तपासणीला अर्थ येतो. दोष निघालाच, तर एमआरआय व मॅमोग्राफीची नियमित पाहणी, औषधे किंवा प्रतिबंधक शस्त्रक्रिया असे मार्ग खुले असतात. निवड त्या स्त्रीने तज्ज्ञांच्या सल्ल्याने करावी. सासर-माहेरच्या बैठकीने नव्हे.

ज्यांच्या घराण्यात काहीच नाही, त्यांनाही सूट नाही. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी केलेल्या साध्या स्तनतपासणीने पन्नाशीपुढील स्त्रियांतील मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही. न दुखणारी गाठ, त्वचेला पडलेली खळी, आत ओढले गेलेले बोंड किंवा त्यातून येणारे रक्त दिसताच संकोच बाजूला ठेवावा. दुखत नाही म्हणून गाठ निरुपद्रवी, हा समज प्राणघातक आहे.

बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरहून निघालेली लोकल परळला पोहोचते, आणि तेथून टाटा व केईएम ही दोन्ही रुग्णालये जवळ आहेत. माल आणायला मुंबईची फेरी व्यापारी नित्य करतात. त्यांतील एक फेरी घरातील स्त्रीसाठी राखून ठेवणे अवघड नाही. अवघड आहे ते सोयरिकीच्या बैठकीत पहिले वाक्य उच्चारणे : ‘आमच्या घरी हा आजार झाला होता, मुलीची तपासणी आम्ही केली आहे, आपणही मुलाची करावी.’ हे वाक्य मुलीच्या बापाने बोलले तर ती त्याची पत आहे. मुलाच्या बापाने आधी बोलले तर ती त्याची थोरवी.

कमलताईंनी आयुष्यभर पेशीतील नोंदी वाचल्या, त्या कोणा घराण्याला कलंक लावण्यासाठी नव्हे. देणे वेळेवर कळले तर ते फेडता येते. घरातील ही खतावणी यंदाच्या दिवाळीत नव्या वह्यांच्या पूजनाच्या दिवशीच उघडावी, आणि तिच्या पहिल्या पानावर आजीचे, आत्याचे, मावशीचे नाव संकोच न ठेवता लिहावे.